पेटी पुन्हा उघडताना: गावाकडे बसून निसर्गचित्र करायचं तर

‘ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होती’ असं सांगणारं माणूस महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडतं. आमच्या सोसायटीत ती मी. शाळा संपल्यावर दोन-तीन वर्षं रविवारी स्केचिंगला जाणं झालं, मग नोकरी, घर, मुलाच्या परीक्षा असं करत रंगांची पेटी माळ्यावर गेली आणि १९ वर्षांनी खाली आली. गेली दोन वर्षं जमेल तसं मी सातारा जिल्ह्यातल्या वाई आणि मेणवलीच्या बाजूला बसून जलरंगात कामं करते. बरीचशी फसली. ती कशी फसली आणि पुढे काय केल्यावर जमायला लागलं, ते इथे क्रमाने सांगते. सगळं जलरंगाबद्दल आहे. तैलरंगांचं सामान आणि पद्धत वेगळी, त्यात मी पडत नाही.

परतणाऱ्या प्रत्येकाला एकच भीती असते: हात विसरला असेल. माझा अनुभव उलटा आहे. हाताला जुनं फार लक्षात असतं. स्मरणचित्राच्या पेपरासाठी घोटून घोटून पाठ केलेलं ते गाव आठवतंय ना? दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य, नागमोडी नदी, काठाला झोपडी आणि तपकिरी खोडावर हिरवा गोळा म्हणजे झाड. समोर साक्षात पांडवगड उभा असला तरी हात तोच त्रिकोण काढायला धावतो. म्हणून कधीच न शिकलेल्यांना हे काम थोडं सोपं जातं. त्यांच्या हातात काही भरलेलं नसतं. पुढच्या बहुतेक सूचना या धावणाऱ्या हाताला आवरण्यासाठी आहेत.

आधी माळ्यावरचं सामान तपासा

जुन्या ट्यूब दगडासारख्या झाल्या असतील तरी फेकू नका. जलरंगात डिंक असतो, तो पाण्याने पुन्हा सुटतो. ट्यूब ब्लेडने उभी चिरा, आतली कांडी काढून गोळ्यांच्या रिकाम्या डबीच्या खणात बसवा, वर दोन थेंब पाणी टाकून रात्रभर ठेवा. माझ्या शाळेतल्या कॅमलच्या ट्यूबांपैकी निम्म्या अशाच कामाला आल्या. अ‍ॅक्रिलिक मात्र एकदा वाळलं की संपलं. पोस्टर कलरच्या बाटल्या मुलांना द्या. त्यांचा रंग अपारदर्शक असतो आणि जलरंगाची सगळी गंमत कागदाचा पांढरा आतून दिसण्यात आहे.

कागदाचं उलटं आहे. तो वरून ठीक दिसतो आणि आतून गेलेला असतो. चांगल्या कागदाला सरसाचा किंवा तशाच कशाचा तरी हात दिलेला असतो, म्हणून रंग वर तरंगतो. दमट हवेत काही पावसाळे काढले की ते गुण जातात. कोपऱ्यावर ओला ब्रश टेकवून बघा. पाणी टीपकागदासारखं लगेच शोषलं गेलं किंवा गडद ठिपके उमटले, तर तो कागद पेन्सिलकामाला ठेवा. मी हे न बघता पहिल्या दिवशी जुनाच कागद घेऊन गेले आणि आकाशाला देवी आल्यासारखे डाग पडले. तासभर मला वाटत होतं की माझंच काहीतरी चुकतंय.

ब्रश केसांचे असतील तर कसर लागली आहे का बघा. रंग वाळून कडक झालेले ब्रश कोमट पाणी आणि अंगाच्या साबणाने दोन-तीनदा धुतले तर बरेचदा मऊ होतात. टोक जुळत नसेल तर तो ब्रश गवतासाठी ठेवा. फाटलेल्या टोकाचा कोरडा फटकारा गवताला छान दिसतो.

पिशवीत काय असावं

सामान एका खांद्यावर मावलं पाहिजे. जे मावत नाही ते घरी. पहिल्यांदा मी ईझल, म्हणजे चित्र टेकवायचा तिपायी स्टँड, नेलं होतं. ते उभं करायला, वाऱ्यात धरायला आणि लोकांना ‘हे काय आहे’ ते समजवायला जितका वेळ गेला तितक्यात एक चित्र झालं असतं.

बोर्ड म्हणून मुलांचं परीक्षेचं पॅड पुरतं. त्याला वर क्लिप असतेच. खालच्या दोन कोपऱ्यांना आणखी दोन क्लिपा लावा, कृष्णेच्या काठचा वारा कागद उचलतो. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, घ्या, म्हणजे ओला झाल्यावर फार फुगत नाही. पूर्ण ताव २२ × ३० इंचांचा असतो, त्याचे साडेसात × ११ इंचांचे बरोबर आठ तुकडे होतात. पहिले दोन-तीन महिने याहून मोठा कागद घेऊ नका. ताव महाग असला तरी आठ प्रयत्नांत वाटला गेल्यावर हात मोकळा होतो, ‘कागद वाया जाईल’ ही धाकधूक राहत नाही.

रंग सात पुरतात: लेमन यलो, गॅम्बोज, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, सेरुलियन ब्लू. काळा नको, पांढराही नको. तयार हिरवा का नको ते पुढे सविस्तर. ब्रश तीन: एक इंची चपटा, १२ नंबरचा गोल, ६ नंबरचा गोल. बारीक शून्य नंबरचा ब्रश घरी ठेवा. तो पिशवीत असला की माणूस पाचव्या मिनिटाला खिडकीचे गज काढायला बसतो.

पाण्यासाठी श्रीखंडाचे रिकामे प्लॅस्टिकचे डबे दोन, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाण्याचा. पाणी घरूनच न्या, दोन लिटर. जुन्या सुती धोतराचं किंवा पंचाचं फडकं, मऊ पेन्सिल, रबर, घडीची बसकी खुर्ची किंवा चटई, टोपी. छत्री नेलीत तर काळी. मी एकदा लाल-पिवळी फुलांची छत्री लावून बसले आणि घरी आल्यावर सगळं चित्र निळंगार निघालं. कागदावर पडलेला लालसर उजेड डोळा नकळत निळ्याने मारत होता. त्याच कारणाने भडक रंगाचा कुर्ताही नको.

निघण्याआधी दोन संध्याकाळी घरी

थेट गावाकडे जाऊन बसू नका. एकाच रंगाच्या, समजा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेल्या करड्याच्या, पाच छटा करा: जवळजवळ कागद ते जवळजवळ काळा. जलरंग वाळला की फिका पडतो. किती फिका पडतो हे पुन्हा हाताला समजायला दोन संध्याकाळी लागतात. मग त्या पाच छटांत गॅलरीतून दिसणारं काहीही. पाण्याची टाकी चालेल.

कधी आणि कुठे

सकाळी साडेसात ते साडेनऊ, नाहीतर दुपारी चारनंतर. मधल्या वेळात सावल्या वस्तूंच्या पायाशी गोळा होतात आणि सगळं सपाट दिसतं. पुण्याकडे मेच्या मध्यावर एक दिवस असा येतो की भर दुपारी उभ्या काठीची सावलीच पडत नाही. सावली नसेल तर चित्र कशाचं काढणार?

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे दीड तासात तो दोन मुठींहून जास्त हलला आणि सावल्याही तशाच हलल्या. निसर्गचित्राला वेळ मिळतो तो एवढाच. दीड तासात होईल इतकंच चित्र घ्यायचं, हा नियम मी मोडते तेव्हा हमखास पस्तावते.

ऊन एका बाजूने येत असेल अशी जागा बघा. वस्तूंना गोलाई आणि जाडी दिसते. सूर्य पाठीशी असेल तर सगळं सारखं उजळ दिसतं आणि नवख्याला त्यातलं काय घ्यावं ते कळत नाही. सूर्य समोर असेल तर डोळ्यांना त्रास, पण आकार सोपे होतात. सकाळच्या धुक्यात हे करून बघण्यासारखं आहे. तुम्ही आणि कागद मात्र सावलीतच हवेत. उन्हात पांढरा कागद इतका चकाकतो की रंग गडद होत जातात आणि घरात ट्यूबलाइटखाली चित्र काळंकुट्ट दिसतं.

वाई पुण्याहून ८५-९० किलोमीटर, मेणवली तिथून तीनेक. मी ही जागा निवडली कारण पहिल्या एसटीने जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येतं. दुसरं म्हणजे इथे सगळंच चित्रासारखं आहे, आणि हीच अडचणही आहे. मेणवलीच्या घाटावर पहिल्यांदा बसले तेव्हा मी वाडा, घाटाच्या पायऱ्या, मेणेश्वराचं देऊळ, वसईहून आणलेल्या घंटेचं छोटं देऊळ, नदी, पलीकडचे डोंगर आणि धुणं धुणाऱ्या दोन बायका, सगळं एका कागदावर घेतलं. ते चित्र पर्यटन महामंडळाच्या नकाशासारखं दिसत होतं.

एक गोष्ट निवडा. वाईत ढोल्या गणपतीचं १७६२ सालचं देऊळ नदीपात्राला लागून आहे. पुराचं पाणी दोन्ही बाजूंना फाकावं म्हणून त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे. त्या भिंतीची एक बाजू उन्हात, दुसरी सावलीत असेल अशी वेळ गाठली तर पहिल्या चित्राला तेवढंच पुरे. कळस नको, गर्दी नको. पायऱ्यांचा एक कोपरा आणि त्यावर पडलेली झाडाची सावली, हाही पूर्ण विषय आहे. ज्यांना वाई जवळ नाही त्यांनी आपल्या गावची विहीर, गोठ्याची पडवी, बांधावरची एकटी बाभूळ बघावी.

आणि एकदा निवडली की जागा बदलू नका. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारातले चित्रकार आबालाल रहमान कोल्हापुरातला कोटितीर्थाचा आणि पंचगंगेचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. आपण तर शिकाऊ. एकाच आंब्यासमोर पाच वेळा बसलं की पाचव्या वेळी तो आंबा दिसतो, आधीच्या चार वेळा नुसतं ‘झाड’ दिसत असतं.

बसल्यावरची पहिली वीस मिनिटं

रंगाला हात लावू नका. दहा मिनिटं नुसतं बघा, शक्य असेल तर उभं राहून, मग बसून. बसल्यावर क्षितिजाची रेषा खाली येते आणि पायऱ्यांचं रूप बदलतं. कुठून जास्त बरं दिसतं ते ठरवा.

मग काडेपेटीएवढे तीन चौकोन आखून त्यात पेन्सिलने फक्त गडद, मध्यम आणि फिकं असे तीनच भाग भरा. डोळे किलकिले केले की बारकावे गळून पडतात आणि गडदाचे मोठे आकार एकमेकांना चिकटतात. झाडाची सावली, खोड आणि खालची भिंत मिळून एकच काळसर आकार होतो. तो आकार जसा आहे तसाच घ्या. ‘हे झाड, ही भिंत’ अशी नावं द्यायला लागलात की इंटरमिजिएटचा हात जागा होतो. गोंधळ होत असेल तर मोबाइलचा कॅमेरा कृष्णधवल करून एकदा बघा आणि मोबाइल पिशवीत टाका. फोटोवरून रंगवायला लागलात तर सावल्या काळ्या ठिक्कर आणि आकाश कोरं पांढरं येतं. कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते बघायला तर आपण एवढ्या लांब आलो.

तीनपैकी एक निवडा, मोठ्या कागदावर हलक्या हाताने मोजक्या रेषा काढा आणि सावल्यांच्या कडा आत्ताच आखून टाका. पुढे ऊन सरकेल. सरकू दे. ज्या क्षणी आखल्या त्याच सावल्या शेवटपर्यंत. मी सुरुवातीला सावलीच्या मागे धावायची, तेव्हा देवळावर ऊन डावीकडून आणि झाडावर उजवीकडून यायचं.

डोंगर त्रिकोणी नसतो

सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. ते थर जवळजवळ आडवे आहेत. म्हणून आपले डोंगर वरून सपाट किंवा पायऱ्यांसारखे दिसतात: उभा कातळकडा, खाली गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. एका डोंगरावरचा कड्याचा पट्टा नजरेने आडवा ओढत नेला तर शेजारच्या डोंगरावर पुष्कळदा त्याच उंचीला दुसरा पट्टा सापडतो. हे कळल्यावर माझे डोंगर एकदम जागेवर बसले. बाह्यरेषा काढण्याआधी हे दोन-तीन पट्टे हलकेच आखा, डोंगर आपोआप या मातीतला होतो. नाहीतर तो कॅलेंडरवरच्या स्वित्झर्लंडचा होतो.

लांबच्या रांगा निळसर-जांभळ्या आणि फिक्या, जवळची रांग जरा उबदार आणि गडद. दोन रांगांच्या मध्ये जिथे धूळ किंवा धुकं साचतं तिथे पुढच्या डोंगराच्या पायथ्याकडचा रंग स्वच्छ पाण्याने पुसट करा.

रंगाचा क्रम

बोर्डाला खाली छोटा दगड लावून थोडा उतार द्या. आकाश आणि लांबचे डोंगर एका ओल्या हातात, चपट्या ब्रशने, वरून खाली. रंग हवासा वाटतो त्याहून जास्त कालवून ठेवा. मध्येच संपला तर पुन्हा तसा होत नाही आणि जोड दिसतो. उन्हातल्या पायऱ्या, देवळाचा उजळ भाग कोरा सोडा किंवा त्यावर ऑकरचा अगदी पातळ हात द्या. तो आपला पांढरा, नंतर मिळणार नाही.

मग थांबा. पूर्ण वाळू द्या. पालथा हात कागदाला हलकेच लावून बघा, गार लागला तर अजून ओलं आहे. परतलेल्या माणसाची सगळ्यात जास्त चित्रं या पाच मिनिटांत मरतात, कारण हात रिकामा बसत नाही. चहा प्या.

वाळल्यावर मध्यम छटा: झाडांचे मोठे आकार, भिंती, पाण्यातली प्रतिबिंबं. घाटाचा बसाल्ट काळा रंगवू नका. सकाळच्या उन्हात तो तपकिरीकडे झुकलेला करडा असतो, सावलीत जांभळट, आणि ओला झाला तरच खरा गडद. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कमीजास्त करून हे सगळे करडे मिळतात. प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली पडतं, आणि गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा जरा फिकं, उजळ वस्तूचं जरा मंद असतं. या एवढ्यावर पाणी पाण्यासारखं दिसतं. लाटा काढायची गरज नसते.

सगळ्यात शेवटी पाच-सहा जागी खरा गडद रंग, न थांबता, आणि काम बंद. माणसं घ्यायची तर एक-दोन, ब्रशच्या तीन टिपक्यांत. घाटावर साडीचा एक लाल ठिपका बरंच काही करतो. चार ठिपके केले की जत्रा.

हिरव्याची गोष्ट

महाराष्ट्रात बाहेर बसून रंगवायला लोक निघतात ते श्रावणात, आणि श्रावणात सगळंच हिरवं. ट्यूबमधला सॅप ग्रीन उघडला की पहिल्या चित्राचं प्लॅस्टिकचं गवत होतं. माझ्याकडे अशी सहा चित्रं आहेत. मग मी तो हिरवा पेटीतूनच काढला आणि एक सकाळ नुसते हिरवे जमवण्यात घालवली. चित्र नाही, फक्त चौकोन. हा दिवस प्रत्येकाने काढावा.

भात वाढीला लागलेलं असेल तर त्याचा हिरवा पिवळ्याकडे असतो: लेमन यलोत सेरुलियनचा कण. ऊस लांबून बघा, तो राखाडी-निळसर हिरवा आहे: ऑकर आणि अल्ट्रामरीन. हळदीचं रान (वाईकडे हळद पुष्कळ) रुंद पानांचं, त्यावर उजेडाचे पट्टे पडतात. बाभूळ हिरवी कमी आणि धुरकट जास्त. आंबा म्हणजे जवळजवळ काळा हिरवा, त्यात बर्न्ट सिएना भरपूर, आणि नवी पालवी असेल तर ती चक्क तांब्याची.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकाच झाडात तीन हिरवे असतात. वरून ऊन पडलेलं गुळगुळीत पान आकाशाचा उजेड परत फेकतं, म्हणून ते निळसर, कधी चक्क करडं दिसतं. ज्या पानाच्या मागून ऊन येतं ते पिवळं पेटलेलं असतं. आणि आतल्या पोकळीत गडद, तपकिरीकडे झुकलेला. आपल्याला वाटतं की उन्हातला हिरवा म्हणजे पिवळा आणि सावलीतला म्हणजे गडद हिरवा. प्रत्यक्ष पान हातात धरून सूर्याकडे फिरवून बघा, दोन मिनिटांत गैरसमज जातो. अंगणातल्या जास्वंदीवरही हे करता येतं.

झाडाला आधी बाहेरचा आकार नको, आतली भोकं शोधा. फांद्यांमधून आकाश कुठे दिसतंय ते. ती भोकं कोरी सोडली की गोळा होत नाही. आंब्याला अशी भोकं फार कमी असतात, म्हणून तो अवघड आहे. सुरुवात बाभळीने किंवा फेब्रुवारीत पानं झडून फुललेल्या सावरी-पांगाऱ्याने करावी. मी आंब्याने केली.

खरं सांगायचं तर नवख्यांनी श्रावण सोडून द्यावा. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, हिरवे वेगळे वेगळे दिसायला लागतात, पाऊस नसतो, सकाळी धुकं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही शिकायची वेळ.

वाळणं आणि न वाळणं

एप्रिल-मेमध्ये देशावर रंगाचा हात कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. अशा वेळी कागदाची मागची बाजू ओल्या फडक्याने भिजवून घ्या आणि पाणी मारायची फवारणीची छोटी बाटली ठेवा. पावसाळ्यात उलट: वीस-वीस मिनिटं कागद ओलाच. मग दोन पॅडं न्या, एकावर वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम. कोकणात जुलैत उघड्यावर बसण्याचा हट्ट करू नये. पडवीत बसून अंगणातला पाऊस रंगवा, तोही निसर्गच आहे. आणि पाऊस अगदीच लागला तर सातारा जिल्ह्यातच औंधला श्री भवानी संग्रहालय आहे, १९३८ सालचं. मोबाइलवर पाहिलेली शंभर चित्रं एका बाजूला आणि मूळ चित्रापुढे उभं राहून रंगाचा थर बघणं एका बाजूला.

माणसं, मधमाश्या आणि इतर

बाहेर बसलं की मागे माणसं जमतात. मेणवलीत सिनेमावाले वरचेवर येत असल्याने तिथल्या पोरांना नवल कमी. एकाने मला ‘शूटिंग कदी हाय?’ एवढंच विचारलं आणि नाही म्हटल्यावर तो निघून गेला. आडगावात मात्र पंचवीस डोळे पाठीवर असतात. भिंतीला किंवा खोडाला पाठ लावून बसा, निम्मा प्रश्न सुटतो. पोरांना एक कागद आणि पेन्सिल देऊन टाकली की उरलेला.

लोक बोलतात ते ऐका. एका आजीनं माझ्या चित्राकडे बराच वेळ बघून म्हटलं, ‘बाय, ह्यो आंबा न्हाई. आंबा असा डुलत न्हाई, त्यो बसल्याला असतोय.’ आंब्याबद्दल मला कुणी सांगितलेली ही सगळ्यात कामाची गोष्ट.

शेतात बसायचं तर आधी विचारा आणि बांधावरूनच जा. देवळाच्या आवारात पुजाऱ्यांना विचारा. कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाच्या दिवसांत वाईच्या घाटांवर मांडव आणि गर्दी असते, तेव्हा रंगवायला जाऊ नका, प्रसादाला जा. बाईमाणसाने एकटीने जायचं असेल तर जागा वस्तीच्या टप्प्यातली निवडावी, घरी ठिकाण कळवावं आणि अंधाराआधी उठावं. मी पहिले काही महिने कुणाच्या तरी ओसरीवरून दिसेल अशाच जागी बसायची, आणि ओसरीवरून चहाही यायचा.

बसण्याआधी वर बघा. जुन्या कमानींना, कड्यांना आणि मोठ्या झाडांना आग्यामोहोळ असतं. अत्तर, सेंट लावून जाऊ नका, जवळपास कुणी धूर करत असेल तर लगेच उठा. गवतात चटई टाकण्याआधी काठीने आपटून घ्या. ब्रशचं टोक जुळवायला तो तोंडात घालायची शाळेतली सवय सोडा, काही रंगांत विषारी धातू असतात. त्याच कारणाने रंगाचं पाणी नदीत किंवा विहिरीजवळ ओतू नका, बाटलीत भरून परत आणा.

घरी आल्यावर

त्या दिवशी चित्र दुरुस्त करायला बसू नका. ते कपाटाला टेकवून ठेवा आणि दोन दिवसांनी बघा. जागेवर जे भयंकर वाटलं होतं त्यात एखादा कोपरा चांगला निघतो, आणि जे मस्त वाटलं होतं ते बरेचदा पोस्टकार्ड असतं. घरी बसून केलेली दुरुस्ती म्हणजे पुन्हा स्मरणचित्र. फसलं असेल तर मागची कोरी बाजू वापरा.

ब्रश साबणाने धुऊन टोक जुळवून आडवे वाळवा. आणि प्रत्येक चित्रामागे पेन्सिलने तारीख, वेळ, जागा आणि एक ओळ लिहा: काय चुकलं. फार नको, एकच ओळ. पुढच्या वेळी निघताना तेवढी वाचायची. माझ्या मेणवलीच्या कागदांमागे क्रमाने असं आहे:

‘१४ ऑक्टो., स. ८.१०. सगळंच घेतलं. आंबा म्हणजे फुलकोबी.’

‘४ नोव्हें., स. ७.५०. पायऱ्या बऱ्या. आंबा पुन्हा फसला.’

‘२ डिसें., स. ८.००. धुकं, आंबा दिसलाच नाही, बरं झालं.’

‘२० जाने., स. ८.१५. आंबा थोडा बसला. डावी फांदी अजून डुलतेय.’